तिसऱ्या सामन्याची पिचर

आमच्या मंठ्यात बेसबॉल खरोखर कळणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यावर भांडायला सगळी गल्ली तयार. मी त्या भांडणाऱ्यांतलीच एक. माझा धंदा शिवणकामाचा. शाळेचे गणवेश शिवते, ब्लाऊज शिवते, लग्नसराईत जेवायला फुरसत मिळत नाही. खेळाशी माझा संबंध एवढाच की माझी मुलगी पिचर होती. पिचर म्हणजे मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभी राहून समोरच्या संघाला चेंडू फेकणारी. ती चुकली की संघ चुकला, आणि संघ चुकला की लोक मागे वळून तिच्या आईकडे बघतात. त्यामुळे मी कायम भांडणाच्या तयारीतच बसलेली असायचे.

हा खेळ आमच्याकडे आणला शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी. सर दहा दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना दोन बॅटी, काही हातमोजे आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन आले. मुलांनी नाकं मुरडली, त्यांना क्रिकेटपुढे काही दिसत नव्हतं. म्हणून सरांनी मुली धरल्या. माझी तेव्हा आठवीत होती. बांधावरच्या बोरीला दगड मारून बोरं पाडायची तिला सवय, नेम पक्का. सरांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात चेंडू दिला आणि ती त्यातच अडकली. घरी आली की हातमोज्यात तोंड खुपसून चामड्याचा वास घ्यायची. मला किळस यायची.

मला त्या खेळाचं प्रेम नंतर आलं, आणि ते कसं आलं तेही सांगते, खोटं कशाला बोलू. पालकांच्या बैठकीत सरांनी सांगितलं की मुलगी राज्यापर्यंत खेळली तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि पुढे नोकरभरतीत खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात. त्या दिवशी घरी येऊन मी तिच्यासाठी अंडी आणायला सुरुवात केली.

ती अकरावीत असतानाची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात जिल्ह्यात मुलींचे दोनच संघ उरले, एक आमचा आणि दुसरा अंकुशनगरकडचा. एका सामन्यात निकाल लावू नका, तीन खेळवा, दोन जिंकेल तो संघ विभागाला जाईल असं ठरलं. तीन दिवस, तीन सामने, आमच्याच शाळेच्या मैदानावर. अंकुशनगरच्या मुली उसाच्या भागातल्या, एकेकीचे हात असे की मी त्यांच्या बाहीचं माप मनातल्या मनात दोन बोटं वाढवलं.

शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथे आमची सभा भरायची. त्यात मुख्य दोघं. एक रिटायर झालेले पोस्टमन, ज्यांना गावातला प्रत्येक पत्ता आणि क्रिकेटचा प्रत्येक सामना तोंडपाठ. दुसरी आक्का. आक्का आमच्या समोर राहते. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दुधाचा रतीब. तिची दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत, संघात तिचं कोणी नव्हतं. पण पहिल्यांदा दुधाची रिकामी किटली घेऊन ती मैदानाच्या कडेला सहज थांबली, आणि त्यानंतर एकही सामना तिने चुकवला नाही. तिचा आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस ओ देईल. माझे मालक टेम्पो चालवतात. भाडं नसलं की तेही तिथेच.

या सगळ्यांच्या डोक्यात पिचर म्हणजे बॉलर. बॉलरला चार ओव्हर टाकायला लावायच्या, मग लाँग ऑनला सोडून द्यायचं, शेवटी अडचण आली की परत बोलवायचं. सर पुस्तक उघडून सांगायचे की या खेळात तसं नसतं. सगळे ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे, आणि पुन्हा ओव्हरवर यायचे. मला तरी कुठे कळत होतं? माझ्या मुलीला कोणी थांबवा म्हटलं की मला राग यायचा आणि टाकू द्या म्हटलं की बरं वाटायचं, एवढंच माझं ज्ञान.

पहिला सामना आम्ही जिंकलो. सातही डाव पोरीने एकटीने टाकले. पोस्टमनकाकांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला, जे त्यांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नातही केलं नव्हतं असं लोक म्हणाले. मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि मनात तिचा राज्याचा गणवेशसुद्धा बेतून टाकला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डावापासून तिचा चेंडू भरकटायला लागला. आम्ही पुढे होतो, पण दर दोन चेंडूंमागे एक बाहेर जायचा. ती मधेच खांदा गोल फिरवून बघायची. कडेला चर्चा पेटली. पोस्टमनकाकांचं म्हणणं, तिला आता राखून ठेवा, शेवटच्या डावासाठी. कोणी म्हणालं, लय तुटेल. तेवढ्यात आक्का उठून उभी राहिली आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडली की सर, पोरगी दमून राह्यली, दोन डाव तिला बसवा, मंग परत आणा. तिचं ऐकून बाकीचेही सुरू झाले. बसवा, बसवा. पन्नास-साठ माणसं असतील, पण ऐकणाऱ्याला यात्रा वाटावी.

आमचे सर स्वभावाने गरीब. खरं तर त्यांनी तिला दुसऱ्या जागेवर, म्हणजे एखाद्या बेसवर, धावणारीने थांबायच्या टप्प्यावर, उभं केलं असतं तर ती मैदानातच राहिली असती आणि परत चेंडू टाकू शकली असती. हे त्यांना माहीत होतं, पुस्तकात त्यांनी खूण करून ठेवली होती. पण त्या गोंगाटात त्यांनी हात हलवून तिला बाहेरच बोलावलं आणि बाकावरची दुसरी मुलगी आत पाठवली. माझी येऊन बसली, पाणी प्यायली. सहाव्या डावात अंकुशनगरच्या मुली तिन्ही बेसवर येऊन उभ्या राहिल्या, आता रन होणार असं दिसलं, तेव्हा सर तिला घेऊन पुन्हा निघाले. अंपायरने अडवलं. बाहेर गेलेली पिचर त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटच्या डोक्याने आम्ही सगळ्यांनी मिळून आमचीच पिचर घालवली होती.

तो सामना गेला. बरोबरी झाली.

माझा राग मला आवरत नाही, हे माझ्या माहेरीही सगळ्यांना ठाऊक आहे. ओरडले होते सगळे, पण मी गेले ती सरळ आक्कासमोर. म्हटलं, तुम्ही म्हशी सांभाळा, पोरींच्या खेळात तोंड घालू नका. चारचौघांत म्हटलं. वयाने ती माझ्या आईएवढी. तिने किटली उचलली आणि धार काढायची वेळ झाली म्हणून निघून गेली. टपरीवर मला पुष्कळांनी शाबासकी दिली. ती शाबासकी मी घेतली.

संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. मुलगी आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. हातात कंगवा होता. पाचवीपासून तिने मला केसाला हात लावू दिला नव्हता, तुझी वेणी घट्ट बसते म्हणायची. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, हात वर जात नाही. कधीपासून? तर म्हणे कालपासून दुखत होता, आज मागे जातच नाही.

मी वेणी घातली. मग वीट तापवून, फडक्यात गुंडाळून खांदा शेकला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, सरांना सांगू नको. उद्याचा एकच दिवस आहे. मग पाहिजे तितका आराम करते."

मी हो म्हणाले.

नुसतं तिच्या हट्टापायी हो म्हणाले असं मला लिहिता आलं असतं, पण तसं नव्हतं. मलाही तेच हवं होतं. तिचा खांदा माझ्या हाताखाली गरम लागत होता, आणि मी डोक्यात एक दिवस, फक्त एक दिवस असं घोकत होते.

तेवढ्यात आक्का रतिबाचं दूध घेऊन आली. मी पातेलं पुढे केलं, तिने माप ओतलं. तिची नजर एकदा पोरीच्या वेणीवर गेली, एकदा खांद्यावरच्या फडक्यावर. मग ती गेली. दुपारच्या बोलण्याचा राग असेल म्हणून गप्प आहे, असं मला वाटलं, आणि बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर बसायला जागा नव्हती. नियम आता सगळ्यांना कळला होता, म्हणजे अर्धा कळला होता, आणि अर्धवट कळलेल्या माणसांशी वाद घालणं फार अवघड. पोस्टमनकाका म्हणत, सुरुवात दुसरीला करू द्या आणि आपली शेवटच्या दोन डावांना काढा. जी आत गेलीच नाही ती बाहेर कशी जाईल? माझे मालक म्हणत, पहिल्यापासून हिलाच ठेवा आणि काही झालं तरी काढू नका. टपरीवाल्याने साखरेच्या डब्यावर खडूने मैदान काढलं होतं. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. मालकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मला टेन्शन आलंय.

आक्का बाकाच्या टोकाला बसली होती. कालच्या प्रकारामुळे तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. तिच्या हातात चहाचा ग्लास होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवत होते.

सर रोज सामन्याआधी रस्ता ओलांडून यायचे आणि मला विचारायचे. ही त्यांची रीत होती. पोरी खोटं सांगतात, आया सांगत नाहीत, असं ते म्हणायचे. त्या दिवशीही ते आले. सगळी टपरी आमच्याकडे बघायला लागली.

"वहिनी, हात बरा आहे ना तिचा?"

"बरा आहे, सर."

सरांचा चेहरा मोकळा झाला. ते वळले, चार पावलं गेले असतील. तेव्हा आक्काने ग्लास खाली ठेवला.

"सर, पोरीला म्हणा, दोन्ही हात वर कर."

लोक हसले. पोस्टमनकाका म्हणाले की काल तुमचं ऐकून एक सामना घालवला, आता दुसरा घालवू नका. आक्का हसली नाही.

"माझं बिलकुल ऐकू नका. निस्तं हात वर करायला लावा. आमच्या बैलाचा खांदा सुजला तर आम्ही त्याच्यावर जू न्हाई ठेवत, ही तर पोरगी हाये."

सरांनी फाटकातून तिला हाक मारली. ती धावत आली. सर म्हणाले, हात वर कर बघू, दोन्ही. डावा सरळ वर गेला. उजवा खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. तिने ओठ दाबले, जोर लावला, पण हात तिथेच राहिला. तिने आक्काकडे पाहिलं नाही, सरांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. मी पदराने ग्लास पुसत बसले.

सरांनी खिशातून यादी काढली आणि तिचं नाव खोडलं. ती टपरीच्या मागे जाऊन रडली.

दुसऱ्या पिचरने तो सामना एकटीने टाकला, आणि आमच्यातल्या कोणालाही वाटलं नव्हतं इतका चांगला टाकला. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. मग अंकुशनगरच्या एकीचा फटका कुंपणापर्यंत गेला आणि एका रनने आम्ही हरलो. अंकुशनगरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या. त्यांच्या पिचरने येऊन माझ्या मुलीच्या हातात हात दिला, डावा हात पुढे केला तिने, कोणीतरी सांगितलं असावं. ते मला अजून आठवतं.

हरल्यावर खापर फोडायला डोकं लागतं. ते आयतंच होतं. दोन दिवसांत दोनदा आक्काने मधे तोंड घातलं आणि दोन्ही सामने गेले, असं टपरीवर ठरलं. ती दिसली की पोस्टमनकाका उठून जायचे. गल्लीतल्या दोन घरांनी रतीब बंद केला. आमच्या घरीही मालक म्हणाले, उद्यापासून डेअरीचं आणू. मी नको म्हणाले, पण का नको ते सांगितलं नाही. मुलगी तर आक्का आली की आतल्या खोलीत जायची. लोकांनी आक्काला तोंडावर ऐकवलं. एक बाई म्हणाली, स्वतःची पोरगी नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं भलं बघवत नाही.

आक्काला एक वाक्य पुरलं असतं. पोरीच्या आईला ठाऊक होतं, एवढं म्हटलं असतं तर सगळे तिला सोडून माझ्यावर आले असते. ती रोज दारात यायची, माप ओतायची, "बाई, पातेलं धुऊन घ्या, कालची साय राह्यली," असलं काही म्हणायची, आणि जायची. मी रोज वाट बघायचे की आज बोलेल.

आठ दिवसांनीही खांद्याचं दुखणं थांबेना म्हणून आम्ही जालन्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात हलवून पाहिला, फोटो काढायला लावले. म्हणाले, आत सूज आहे, तीन महिने चेंडू हातात धरायचा नाही, पण बरा होईल. मग विचारलं, दुखायला लागल्यावर किती सामने टाकले? दीड, मी म्हटलं. तिसरा टाकला असता तर आतला स्नायू फाटला असता, ते म्हणाले, मग ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही फेकता आलं असतं की नाही हे मी सांगू शकलो नसतो. कोणी थांबवलं तिला? मी म्हटलं, शेजारणीने. मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर चपला न काढता समोर गेली. तासाभराने आली तेव्हा पायाला शेण लागलं होतं, म्हणजे गोठ्यात बसली असणार. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा खेळली. विभागाला गेली, तिथून राज्याला गेली. आता ती जालन्याच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि दिवसभर पोरांना चेंडू फेकते. संध्याकाळी फोनवर माझ्याशी बोलताना तोंडात जेवणाचा घास असतो, आवाजात दम लागलेला असतो, आणि मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटतं की मी उगाच बोलणं वाढवते.

तिला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आक्काकडे गेले. ती धार काढत होती. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले आणि एकदाचं म्हटलं की आक्का, त्या दिवशी मी सरांशी खोटं बोलले होते.

"ठाऊक हाये," ती म्हणाली. हात थांबवले नाहीत.

मी म्हटलं, मग लोक इतकं बोलत होते, तुम्ही सांगितलं का नाही? बादलीत दुधाचा आवाज येत होता.

"तू बोलशील म्हणून लई वाट पाह्यली मी. चहा संपला माझा, तू बोलली न्हाई, मंग मी बोलले. अन् लोकांला काय सांगायचं? माझ्यावर ते आधीच चिडेल व्हते, अजून जरा चिडले. तुझं नाव घेतलं असतं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं, का तुझ्या मायनंच तुझा हात घालवला असता. हात बरा झाला असता तिचा. हे न्हाई बरं झालं असतं."

मी तिथेच दारात बसून रडले. तिने मला गप्प केलं नाही, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या म्हशीकडे गेली.

टपरीवर तो तिसरा सामना अजून रंगतो. डॉक्टरांचं म्हणणं तिथे कोणी मानत नाही, डॉक्टर काय आरामच सांगतात म्हणे. निवडणूक, कापसाचा भाव, सगळं बोलून झालं की कोणीतरी म्हणतं, त्या दिवशी आक्का मधे पडली नसती तर आपण विभागाला गेलो असतो. आक्का तिथेच असते आणि तीही त्यांच्याबरोबर हसते. तिने मला गप्प राहा असं कधी सांगितलं नाही. तरी मी इतकी वर्षं गप्प राहिले, कारण मला ते सोयीचं होतं.

म्हणून आता नीट लिहिते, टपरीवर कोणीतरी हे वाचून दाखवावं. सरांनी मला विचारलं तेव्हा हात बरा नव्हता, आणि ते मला माहीत होतं. सतरा वर्षांच्या माझ्या मुलीने मला गप्प राहायला सांगितलं आणि मी तिचं ऐकलं. आक्काने ऐकलं नाही. माझ्या मुलीचा उजवा हात आज वर जातो तो आक्कामुळे, आणि ती अजून मला आई म्हणून हाक मारते तेव्हा तिच्या मनात काही अडत नाही, तेही आक्कामुळेच.